पाणबुडीचे मास्तर : जॉन फिलिप हॉलंड

दरवर्षी ११ एप्रिल हा दिवस अमेरिकेत पाणबुडी दिन म्हणून साजरा होतो. नौदलाच्या तळांवर समारंभ होतात, नोकरीत असलेले आणि निवृत्त झालेले पाणबुडीवाले एकत्र जमतात, समुद्राच्या पोटात कायमचे राहिलेल्या सोबत्यांचे स्मरण केले जाते. आपल्या देशातही असा दिवस आहे. तो ८ डिसेंबरला येतो, कारण सन १९६७ मध्ये त्या दिवशी सोव्हिएत संघातील रिगा बंदरात 'कलवरी' ही आपली पहिली पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली. म्हणजे आपली तारीख ही दाखल होण्याची आहे. अमेरिकेची तारीख मात्र खरेदीची आहे. ११ एप्रिल १९०० रोजी अमेरिकन सरकारने दीड लाख डॉलर मोजून एक नौका विकत घेतली, आणि तो व्यवहाराचा दिवस उत्सवाचा दिवस ठरला.

या नौकेचे नाव 'हॉलंड'. ते हॉलंड देशावरून पडलेले नाही, ती बनविणाऱ्या माणसाचे ते आडनाव आहे. हा माणूस आरमारातला नव्हता, मोठ्या कारखान्याचा मालक नव्हता, विद्यापीठाचा पदवीधर इंजिनियरही नव्हता. तो शाळामास्तर होता. ज्या व्यवहाराचा वाढदिवस आजही थाटाने साजरा होतो, त्या व्यवहारात त्याच्या पदरात काय पडले, हे सांगण्यासाठी हा लेख.

जॉन फिलिप हॉलंड यांचा जन्म सन १८४१ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यातील लिस्कॅनर या लहानशा गावी झाला. वडील ब्रिटिश सरकारच्या किनारा-रक्षक दलात नोकरीस होते. दारासमोर अटलांटिक महासागर. आई आयरिश भाषा बोलणारी. इंग्रजी मुलाला नीट येऊ लागली ती शाळेत गेल्यावर. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, ही काय गोष्ट असते ते आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हॉलंड चार वर्षांचे असताना आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचे सारे खाणे बटाट्यावर. पुढील चारपाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली, आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात आयरिश बंदरांतून धान्य आणि गुरे भरलेली जहाजे इंग्लंडकडे जातच होती. हे ज्यांनी पाहिले त्या पिढीच्या मनात इंग्रजी राज्याविषयी जो राग बसला तो पुसला गेला नाही. हॉलंड यांच्या साऱ्या खटपटीचे मूळ या रागात आहे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. नुसत्या विज्ञानाच्या आवडीने ते पाण्याखाली गेले नाहीत.

मुलाला दर्यावर्दी व्हायचे होते, परंतु नजर अधू. जाड भिंगांच्या चष्म्याशिवाय भागत नसे. वडील लवकर वारले, कुटुंब लिमरिक शहरी आले, आणि सन १८५८ मध्ये सतराव्या वर्षी जॉन 'ख्रिश्चन ब्रदर्स' या गरीब मुलांच्या शाळा चालविणाऱ्या धर्मसंस्थेत शिक्षक म्हणून दाखल झाले. पुढील पंधरा वर्षे त्यांनी आयर्लंडातील निरनिराळ्या गावी मुलांना शिकविले. कॉर्क शहरातील नॉर्थ मोनॅस्टरी शाळेत त्यांना ब्रदर जेम्स डॉमिनिक बर्क नावाचे ज्येष्ठ विज्ञानशिक्षक भेटले. प्रयोग करून दाखविल्याखेरीज धडा पुरा झाला असे न मानणाऱ्यांपैकी ते होते. तरुण हॉलंड यांना यंत्रांचा नाद होता, त्याला बर्क यांनी खतपाणी घातले. एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाला उत्तेजन दिले, एवढीच ही घटना. ती कोणत्या सरकारी दप्तरात नोंदली जाते?

सन १८६२ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या यादवी युद्धात एक विलक्षण लढाई झाली. दक्षिणेच्या एका लोखंडी चिलखती जहाजाने उत्तरेची दोन मोठी लाकडी जहाजे एका दिवसात नष्ट केली, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या 'मॉनिटर' या चिलखती नौकेने त्याला अडविले. दोघांचे तोफगोळे एकमेकांच्या लोखंडावर आपटून निष्फळ ठरले. ही बातमी कॉर्कमधील या एकवीस वर्षांच्या मास्तरांनी वाचली. इंग्लंडचे बहुतेक आरमार त्या वेळी लाकडी होते. पण इंग्लंडकडे पैसा होता, कारखाने होते. चिलखती जहाजे ते हवी तितकी बांधणार हे उघड होते. मग दुबळ्याने करायचे काय? पाण्याच्या वर बरोबरी होणे शक्य नाही, तर खालून जायचे. तेव्हापासून हॉलंड यांच्या वहीत पाणबुडीचे आराखडे दिसू लागले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाणबुडीचा शोध हॉलंड यांनी एकट्याने लावला, असे जे कधी कधी लिहिले जाते ते खरे नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात सन १७७६ मध्ये डेव्हिड बुशनेल यांची 'टर्टल' ही एका माणसाची नौका इंग्रजी जहाजाखाली गेली होती. सन १८६४ मध्ये 'हनली' नावाच्या नौकेने एक युद्धनौका बुडविलीही. तिला सात माणसे हाताने दांडा फिरवून चालवीत होती, आणि त्या रात्री ती स्वतःही परत आली नाही. स्पेन, फ्रान्स, इंग्लंड येथेही अनेकांनी प्रयत्न केले. नौका पाण्याखाली नेणे फारसे कठीण नव्हते. तिला खाली सरळ चालविणे आणि आतल्या माणसांसह जिवंत वर आणणे, हे कठीण होते.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून पाहावा. झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली बादलीतील पाण्यात दाबा. हात सोडताच ती उसळी घेऊन वर येते. आता तिच्यात थोडे थोडे पाणी भरत जा. एक अशी वेळ येते की ती जेमतेम तरंगते. आणखी थोडे पाणी गेले की तळाला जाते. पूर्वीचे बहुतेक कारागीर नौकेत पाणी भरून तिला जड करीत आणि दगडासारखी खाली सोडीत. ती कोठे थांबेल याचा भरवसा नसे. आतले पाणी मागे-पुढे हलले की नौकेचे तोंड खाली किंवा वर जाई.

हॉलंड यांनी वेगळा विचार केला. नौका नेहमी किंचित तरंगतीच ठेवायची. पाण्याच्या टाक्या पूर्ण भरायच्या, म्हणजे आत पाणी हिंदकळणार नाही आणि नौकेचा तोल एकाच जागी कायम राहील. खाली जायचे ते वजनाने नव्हे, तर गतीने. शेपटीला आडवी सुकाणूची पाती लावायची, आणि नौका पुढे चालू असताना ती पाती कलती करून, डॉल्फिन बुडी मारतो तशी तिरकी बुडी मारायची. यंत्र बंद पडले तरी नौका आपोआप वर येणार. ही कल्पना समजायला सोपी वाटते, पण ती कोणी मानावी यासाठी या माणसाच्या आयुष्यातील पंचवीस वर्षे गेली.

प्रकृती साथ देईना म्हणून सन १८७३ मध्ये हॉलंड यांनी ब्रदर्सची संस्था सोडली आणि अमेरिका गाठली. आई व भाऊ आधीच तिकडे गेले होते. बोस्टन शहरात बर्फाळ रस्त्यावर पाय घसरून त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी जुने आराखडे बाहेर काढले आणि सगळे गणित पुन्हा तपासले. बरे झाल्यावर न्यू जर्सी राज्यातील पॅटरसन या रेशीम कारखान्यांच्या गावी सेंट जॉन शाळेत त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. सन १८७५ मध्ये त्यांनी आपला आराखडा अमेरिकन नौदल खात्याकडे धाडला. तेथील अधिकाऱ्यांनी तो अव्यवहार्य ठरविला. पाण्याखाली दिसणार काय आणि दिशा कळणार कशी, अशी त्यांची शंका होती. शंका अगदीच गैर नव्हती. पण जमिनीवरच्या एका मास्तराने आरमाराला शिकवावे हेही त्यांना रुचले नसावे.

सरकारने नाकारल्यावर पैसा आला तो अगदी वेगळ्या वाटेने. अमेरिकेतील आयरिश लोकांच्या 'फेनियन' या गुप्त संघटनेने इंग्लंडविरुद्ध लढण्यासाठी एक फंड उभारला होता. गोदीतील हमाल, रेल्वेवरचे मजूर, घरकाम करणाऱ्या मोलकरणी यांनी दिलेली ती वर्गणी. हॉलंड यांच्या भावाने ओळख करून दिली, आणि त्या फंडातून पहिली नौका बांधली गेली. लांबी अवघी १४ फूट, आत जागा एका माणसाची. मे १८७८ मध्ये ती पॅटरसनच्या पसेइक नदीत सोडली आणि पहिल्याच दिवशी बुडाली. ती वर काढली, तर आतले इंजिन चालेना. शेवटी शेजारून चालणाऱ्या वाफेच्या होडीतून रबरी नळीने वाफ घेऊन त्यांनी ते चालविले, आणि जूनमध्ये मास्तर स्वतः आत बसून पाण्याखाली जाऊन आले. सिद्धांत खरा ठरला होता. कोणी नक्कल करू नये म्हणून यंत्र काढून घेऊन त्यांनी ती नौका नदीतच बुडवून टाकली. आता ते शाळा सोडून पूर्णवेळ याच कामात पडले.

दुसरी नौका ३१ फुटांची, तीन माणसांची. सन १८८१ मध्ये ती न्यूयॉर्कच्या पाण्यात उतरली. वर्तमानपत्राच्या एका बातमीदाराने तिला 'फेनियन रॅम' हे नाव दिले, आणि तेच रूढ झाले. तिच्यावर दाबलेल्या हवेने गोळा फेकणारी तोफ होती. चाचणीसाठी लागणारे पोकळ गोळे देऊ केले ते जॉन एरिक्सन यांनी, म्हणजे ज्या 'मॉनिटर' नौकेची बातमी वाचून हॉलंड यांच्या डोक्यात हे वेड शिरले, तिच्याच रचनाकाराने.

रॅम उत्तम चालली. बिघडले ते माणसांचे. फंडाच्या पैशावरून फेनियनांत भांडणे जुंपली, कज्जे होण्याची चिन्हे दिसू लागली, आणि नोव्हेंबर १८८३ मध्ये एका रात्री त्यांच्यातीलच काही जणांनी हॉलंड यांच्या बनावट सहीचा परवाना दाखवून नौका पळविली. सोबत एक लहान नमुना-नौकाही ओढून नेली. ती वाटेतच बुडाली. रॅम त्यांनी न्यू हेवन गावी नेली खरी, पण ती चालवायची कोणाला ठाऊक होते? हॉलंड यांनी त्यांना मदत करण्यास साफ नकार दिला आणि फेनियनांशी संबंध तोडला. सार्वजनिक पैशाची कामे अशी आतूनच मोडतात, हे पाहण्यासाठी आयर्लंडपर्यंत जाण्याचे कारण नाही.

यापुढची दहा-बारा वर्षे थोडक्यात सांगतो, कारण ती सगळी निराशेची आहेत. सन १८८५ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याच्या भागीदारीत बांधलेली नौका पाण्यात सोडतानाच मोडली. सन १८८७ मध्ये हॉलंड यांनी मार्गारेट फोली यांच्याशी विवाह केला. नौदलाने सन १८८८ मध्ये पाणबुडीच्या आराखड्यांची स्पर्धा ठेवली. हॉलंड पहिले आले, काम मिळाले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मंजूर रक्कम दुसऱ्या जहाजांकडे वळविली गेली. संसार चालविण्यासाठी ते गाळ उपसणाऱ्या एका कंपनीत रोजावर नकाशे काढीत होते. सन १८९३ मध्ये तिसऱ्यांदा स्पर्धा झाली, तिसऱ्यांदा त्यांचाच आराखडा निवडला गेला, आणि या वेळी त्यांच्या नावाने एक कंपनीही निघाली.

सरकारी काम १८९५ मध्ये हाती आले, पण अटी नौदलाच्या. पृष्ठभागावर वेग भरपूर हवा, म्हणून वाफेचे इंजिन बसवा असा हुकूम. बंद लोखंडी पिंपात बॉयलर पेटविला तर आत काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. 'प्लंजर' नावाच्या त्या नौकेत माणसाला उभे राहवेना इतकी उष्णता होई. ही नौका कधीही चालणार नाही हे हॉलंड यांनी आधीच ओळखले होते. म्हणून त्यांनी कंपनीला गळ घातली, की सरकारची नौका होत राहू द्या, आपल्या खर्चाने दुसरी बांधू या आणि ती कोणालाही न विचारता माझ्या पद्धतीने बांधू या.

ती सहावी नौका न्यू जर्सीतील एलिझाबेथ गावच्या गोदीत १७ मे १८९७ रोजी पाण्यात उतरली. लांबी सुमारे ५४ फूट, वजन ६४ टन, माणसे सहा. पाण्यावर चालताना ४५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन; तेच विजेच्या बॅटऱ्याही भरी. पाण्याखाली गेल्यावर हवा खाणारे इंजिन बंद करून बॅटरीवरची मोटर चालू करायची. वर यायचे तेव्हा दाबलेल्या हवेने टाक्यांतील पाणी बाहेर ढकलायचे. पुढे टॉर्पेडो सोडण्याची नळी. पुढील अर्धशतकभर जगातील बहुतेक पाणबुड्या याच दुहेरी पद्धतीने चालल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरात एका कामगाराकडून झडप उघडी राहिली आणि नौका धक्क्यालाच बुडाली. खाऱ्या पाण्यात भिजलेली विजेची यंत्रे सुकेनात. शेवटी फ्रँक केबल नावाच्या विद्युत-कारागिराला बोलावले. त्याने उलटा वीजप्रवाह सोडून यंत्रे आतून तापवून सुकविली. पुढे हेच केबल या नौकेचे चालक झाले.

१७ मार्च १८९८, आयरिश लोकांच्या संत पॅट्रिकचा सण. न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन बेटाच्या किनाऱ्यालगत ही नौका पाण्याखाली गेली, चालली आणि वर आली. हॉलंड तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. लोखंडी नौकेच्या गोल झाकणातून ते छातीपर्यंत बाहेर आले आहेत. डोक्यावर गोल टोपी, नाकावर चष्मा, ओठांवर भरघोस मिशा. वर्गाच्या दारात डोकावणाऱ्या हेडमास्तरांसारखे ते दिसतात.

त्या वेळी नौदल खात्यात उपमंत्री असलेले थिओडोर रूझवेल्ट यांनी नौका विकत घ्यावी अशी शिफारस केली. तरीही एकामागून एक समित्या बसल्या, चाचण्यांवर चाचण्या झाल्या. स्पेनशी युद्ध सुरू झाले तेव्हा हॉलंड यांनी आपली नौका घेऊन स्वतः लढाईवर जाण्याची तयारी दाखविली. ती मानली गेली नाही. दोन वर्षांनी, ११ एप्रिल १९०० रोजी, खरेदी झाली. कंपनीला नौका बांधायला याहून जास्त खर्च आला होता. फायदा पुढच्या मागण्यांत मिळणार होता आणि तो मिळालाही.

पण तोवर कंपनी हॉलंड यांची राहिली नव्हती. बॅटऱ्यांच्या धंद्यातील आयझॅक राइस यांनी सन १८९९ मध्ये तिला 'इलेक्ट्रिक बोट' या नव्या कंपनीत सामील करून घेतले. हॉलंड यांचे पेटंट हक्क कंपनीच्या ताब्यात गेले आणि ते स्वतः पगारी नोकर झाले. नव्या नौकांचे आराखडे नौदलातून आलेले तरुण इंजिनियर करू लागले. म्हाताऱ्याचा सल्ला कोणी घेईना. सन १९०४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुन्हा स्वतःची कंपनी काढायला गेले, तर जुन्या कंपनीने कोर्टात खेचले. त्यांचे शोधच नव्हे, तर धंद्यात त्यांचे नावही त्यांना वापरू देऊ नये, अशी तिची मागणी होती. कोर्टकज्जाचे नाव ऐकताच भांडवलवाले पळाले. कागदोपत्री कंपनीची बाजू भक्कम असेलही, सह्या हॉलंड यांच्याच होत्या. परंतु पाण्याचा दाब आणि नौकेचा तोल यांचे गणित अचूक सोडविणाऱ्या या माणसाला करारपत्रातील कलमांचे गणित समजावून देणारे आपले असे कोणी नव्हते, हे वाचताना मन खट्टू होते.

दुसरा घाव याहून खोल असावा. डिसेंबर १९०० मध्ये ब्रिटिश नौदलाने याच कंपनीकडून हक्क घेऊन पाच 'हॉलंड' नौकांची मागणी नोंदविली. पहिली २ ऑक्टोबर १९०१ रोजी इंग्लंडातील बॅरो बंदरात पाण्यात उतरली. ज्या आरमाराला खालून सुरुंग लावण्यासाठी एका आयरिश मास्तराने हा उद्योग मांडला, त्याच आरमाराच्या पाणबुडी दलाचा पाया त्याच्या नावाच्या नौकेने घातला गेला. जपाननेही अशा पाच नौका घेतल्या, आणि जपानच्या सम्राटाने हॉलंड यांना मानचिन्ह दिले.

अखेरची वर्षे त्यांनी न्यूअर्क शहरात, विमानांचे आराखडे काढण्यात घालविली. १२ ऑगस्ट १९१४ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. युरोपात महायुद्ध नुकतेच पेटले होते. पाणबुडी इतकी भयंकर आहे की तिच्या धाकाने समुद्रावरची युद्धेच थांबतील, असे त्यांनी एकदा लिहिले होते. त्यांच्या मृत्यूनंतर ४१ दिवसांनी, २२ सप्टेंबरच्या सकाळी एका जर्मन पाणबुडीने तासा-दीड तासात तीन ब्रिटिश युद्धनौका बुडविल्या. १४०० हून अधिक माणसे मेली.

हॉलंड यांच्या कबरीवर सन १९७६ पर्यंत नावाचा दगड नव्हता. दीड लाख डॉलरला घेतलेली ती नौका त्यांच्या डोळ्यांदेखत, सन १९१३ मध्ये, १०० डॉलरला मोडीत विकली गेली. नदीत बुडवून टाकलेली पहिली नौका मात्र सन १९२७ मध्ये गाळातून वर काढण्यात आली. ती आणि फेनियन रॅम, हमालांच्या आणि मोलकरणींच्या वर्गणीतून झालेल्या त्या दोन्ही नौका, आज पॅटरसनच्या संग्रहालयात ठेवलेल्या आहेत, ज्या गावी हॉलंड मास्तर मुलांना शिकवीत होते तेथेच.